दुष्काळ, श्रद्धा आणि चमत्कार : खानदेश व केडगाव येथील ख्रिस्ती अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८९६ ते १९०७)

बीजसंज्ञा : दुष्काळ, चमत्कार, पंडिता रमाबाई, मुक्ती मिशन, खानदेश, अलायन्स मिशन, आत्मिक संजीवन

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर एकामागून एक संकटे कोसळली. इ.स. १८९६-९७ चा दुष्काळ, सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेली व पुढे दख्खनभर पसरलेली प्लेगची साथ आणि इ.स. १८९९-१९०० चा महादुष्काळ यांनी ग्रामीण समाजाची घडी विस्कटून टाकली. विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेला हा शेवटचा दुष्काळ 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून गुजरात व त्याच्या लगतच्या मुलखात स्मरणात राहिला. या काळाच्या आर्थिक व प्रशासकीय अंगांचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे. दुष्काळ आयोगांचे अहवाल, शेतसाऱ्याची तहकुबी, खडी फोडण्याची कामे, धान्याचे भाव हे विषय इतिहासकारांच्या परिचयाचे आहेत. तथापि संकटात सापडलेल्या माणसाने आपल्या जगण्याचा अर्थ कसा लावला, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ख्रिस्ती समाजापुरते पाहिल्यास या अर्थनिर्णयात 'चमत्कार' ही कल्पना केंद्रस्थानी होती.

चमत्कारावरील श्रद्धेकडे दोन टोकांच्या भूमिकांतून पाहिले जाते. भाविक ती घटना जशी सांगितली गेली तशी स्वीकारतो. बुद्धिवादी ती भ्रम म्हणून बाजूला सारतो. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. चमत्कार घडला की नाही हा इतिहासाच्या साधनांनी सुटणारा प्रश्न नव्हे. परंतु तो घडला असे मानणाऱ्यांनी त्या विश्वासाच्या बळावर काय केले, काय सोसले आणि काय उभारले, हे मात्र इतिहासाच्या कक्षेत निश्चितपणे येते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दुष्काळकालीन खानदेशातील ख्रिस्ती मिशन कार्याची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) पंडिता रमाबाई यांच्या मुक्ती मिशनमधील चमत्कारविषयक धारणेचे स्वरूप तपासणे.
३) ही धारणा आणि संस्थात्मक कार्य यांचा परस्परसंबंध शोधणे.
४) मराठी भक्तिपरंपरा व आदिवासी चळवळी यांच्याशी तिची तुलना करणे.

खानदेशची पार्श्वभूमी :

इ.स. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले; जळगाव हे पूर्वेचे आणि धुळे हे पश्चिमेचे मुख्य ठिकाण ठरले. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध होती. पांझरेच्या काठची फड बागायत ही पाणीवाटपाची जुनी, सामुदायिक व्यवस्था होती. मात्र फडाच्या बाहेरची कोरडवाहू शेती पूर्णपणे पावसावर अवलंबून होती आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा, मावची समाजांचे जीवन तर त्याहूनही अनिश्चित होते. १८९९ च्या पावसाळ्याने दगा दिला तेव्हा सर्वांत आधी हेच समाज उघडे पडले.

या प्रदेशाची दुसरी ओळख म्हणजे रेल्वे. मुंबईहून नागपूर व जबलपूरकडे जाणारे लोहमार्ग भुसावळ येथे विभागत. रेल्वेमुळे कापूस बाहेर गेला, धान्य बाहेर गेले आणि त्याच रेल्वेने मिशनरीही आत आले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने वऱ्हाडात अकोला, अमरावती, खामगाव येथे आणि खानदेशात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव येथे आपली केंद्रे उभारली. ही बहुतेक सर्व केंद्रे लोहमार्गाच्या आधारानेच वाढलेली दिसतात. पश्चिम खानदेशात नंदुरबार, नवापूर या आदिवासी पट्ट्यात स्कँडिनेव्हियन परंपरेतील मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू केले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अलायन्स मिशनचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे ठरते. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी ख्रिस्ताचे चतुर्विध रूप प्रतिपादले होते : तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा. यातील तिसऱ्या सूत्राने रोगनिवारणाला थेट धर्मसिद्धांताचे स्थान दिले. म्हणजेच खानदेशात आलेल्या ख्रिस्ती धर्माच्या एका प्रमुख प्रवाहात दैवी आरोग्यदान ही कडेची लोकश्रद्धा नव्हती, तर ती अधिकृत शिकवण होती. प्लेग, पटकी व हिवताप यांच्या त्या काळात ही शिकवण श्रोत्यांपर्यंत कोणत्या तीव्रतेने पोहोचली असेल, याची कल्पना करता येते.

पहिला दुष्काळ व अनुत्तरित प्रार्थना :

चमत्कारावरील श्रद्धेचे सर्वांत सविस्तर आणि मराठी स्त्रीच्या लेखणीतून उतरलेले चित्र मात्र खानदेशाबाहेर, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे सापडते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे मुक्ती मिशन दुष्काळातूनच उभे राहिले. त्याचा अर्थ समजण्यासाठी रमाबाईंच्या आयुष्यातील पहिला दुष्काळ ध्यानात घ्यावा लागतो.

इ.स. १८७४ ते १८७७ या काळात दक्षिण भारतातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. शास्त्री घराण्यातील हे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थाटन करणारे होते. शारीरिक कष्टाची कामे करण्याची त्यांना सवय नव्हती आणि भीक मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. जवळचे द्रव्य देवकार्यात व दानधर्मात खर्ची पडले. उपासतापास, जप, अनुष्ठाने झाली. पण संकट टळले नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा अनुभव तपशिलाने नोंदवला आहे. त्यांच्या पूर्वश्रद्धेला तडा जाण्याचे हे एक प्रमुख कारण होते.

येथे एक विरोधाभास जाणवतो. ज्या स्त्रीच्या लेखी दुष्काळातील प्रार्थना एकदा निष्फळ ठरली होती, तीच स्त्री वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात प्रार्थनेवर संपूर्ण संस्था उभी करते. केवळ देव बदलला, म्हणून श्रद्धा टिकली, असे सोपे उत्तर येथे पुरेसे नाही. दोन्ही प्रसंगांतील रमाबाईंचे स्थान बदललेले होते. १८७० च्या दशकात त्या अन्नाची वाट पाहणाऱ्या होत्या; १८९७ मध्ये त्या अन्न पोहोचविणाऱ्या झाल्या. पहिल्या प्रसंगी चमत्कार बाहेरून यावयाचा होता, दुसऱ्या प्रसंगी तो त्यांच्या हातून घडावयाचा होता. हा फरक मुक्ती मिशनच्या चमत्कारविषयक धारणेच्या मुळाशी आहे.

निर्वाहाचा प्रश्न आणि 'पुरवठा' हा चमत्कार :

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापन केले; पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९३ मध्ये सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद उफाळला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि 'केसरी'ने कठोर टीका केली. स्थानिक समाजाचा आधार अशा रीतीने सुटला. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनचे आर्थिक साहाय्यही दहा वर्षांच्या मुदतीचे होते व ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तेथे फळबाग लावण्याची योजना ही याच चिंतेतून, स्वावलंबनासाठी आखलेली होती.

याच सुमारास ब्रिस्टल येथे अनाथालय चालविणारे जॉर्ज म्युलर आणि चीन इनलँड मिशन यांचे वृत्तांत रमाबाईंच्या वाचनात आले. कोणाकडेही पैसा न मागता, केवळ प्रार्थनेवर विसंबून कार्य चालविण्याचा आदर्श त्यांत होता. हिंदुस्थानात असे करणे शक्य आहे काय, हा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर दुष्काळाने मागितले. १८९७ च्या आरंभी त्या मध्य प्रांतात गेल्या. सोहागपूर, नरसिंगपूर, जबलपूर या भागातील दुष्काळी छावण्यांची अवस्था आणि तेथे निराधार मुलींची होणारी फसवणूक त्यांनी पाहिली. हा प्रवास भुसावळमार्गे, म्हणजे खानदेशातूनच होत असे. त्या वर्षी सुमारे तीनशे मुली त्यांच्या आश्रयास आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून फळबागेच्या जमिनीवर झोपड्या व शेड उभारण्यात आल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या काळातील मुक्तीच्या वृत्तांतांत 'चमत्कार' म्हणून जे सांगितले जाते त्याचे स्वरूप लक्षणीय आहे. मेलेली माणसे उठली, नद्या दुभंगल्या, अशा कथा तेथे नाहीत. कोठारातले धान्य संपत आले असता देणगीचे पत्र आले. उद्याच्या खर्चाची तरतूद आज नव्हती, ती सकाळी झाली. इतक्या मुली येऊनही कोणी उपाशी राहिले नाही, असे हे अनुभव आहेत. बायबलच्या जुन्या करारातील एलिया व सारफथच्या विधवेची कथा, जिच्या मडक्यातले पीठ सरत नाही, ही या वृत्तांतांची खरी पूर्वपीठिका म्हणता येईल. येथे चमत्कार म्हणजे 'वेळेवर झालेला पुरवठा' होय.

विहिरींचे उदाहरण :

पुरवठ्याच्या या कल्पनेचे उत्तम उदाहरण म्हणजे केडगावच्या विहिरी. दुष्काळाच्या दिवसांत सभोवतालचे पाणी आटत असताना मुक्तीच्या विहिरींतील पाणी रोज संध्याकाळपर्यंत संपे, तळ दिसू लागे, आणि सकाळी पुन्हा दिवसाच्या गरजेपुरते पाणी साठलेले असे, असे तेथील वृत्तांत सांगतात. मुक्तीच्या रहिवाशांनी याला ईश्वरी कृपा मानले.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींची जाण असलेल्या कोणाही शेतकऱ्याला यातील पाण्याचे भरणे नवलाचे वाटणार नाही. खडकाच्या भेगांतून व झऱ्यांतून रात्रभर पाझरणारे पाणी उपसलेल्या विहिरीत सकाळपर्यंत साचते. परंतु एवढ्याने रहिवाशांचे म्हणणे खोटे ठरत नाही. पाणी भरते यापेक्षा ते 'पुरते' याचे त्यांना अप्रूप होते. शेकडो मुलींच्या पिण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची गरज त्या पाण्यावर भागली. दुष्काळात पाणी मोजून वापरणे, उपशाची वेळ ठरविणे, नव्या विहिरी खोदणे ही कामे तेथे होतच होती. श्रद्धेने या कामांची जागा घेतली नाही. उद्याही झरा पाझरेल, हा विश्वास नसता तर आणखी मुलींना आश्रय देण्याचे धाडस झाले नसते, एवढे मात्र म्हणता येते. चमत्कारावरील श्रद्धेचे ऐतिहासिक कार्य येथे स्पष्ट होते : हिशेबाने जी जबाबदारी स्वीकारता येत नव्हती, ती स्वीकारण्याचे बळ तिने दिले.

ही श्रद्धा शासनाविषयी मौन बाळगणारीही नव्हती. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीवर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' मध्ये जाहीर टीका केली. प्रार्थना करणारी व्यक्ती अन्यायाविरुद्ध बोलत नाही, हा समज येथे टिकत नाही.

इ.स. १९०५ चे आत्मिक संजीवन :

दुष्काळ ओसरल्यानंतर मुक्तीमध्ये चमत्काराच्या कल्पनेने वेगळे वळण घेतले. ऑस्ट्रेलियातील संजीवन सभांची माहिती घेण्यासाठी रमाबाईंनी कन्या मनोरमा व सहकारी मिनी एब्रम्स यांना तेथे पाठविले होते. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये झालेल्या संजीवनाची वार्ता आली. पाठोपाठ १९०५ मध्ये खासी टेकड्यांतील मंडळ्यांतही तशी जागृती झाली. जानेवारी १९०५ पासून केडगावात विशेष प्रार्थनागट भरू लागले आणि जूनपर्यंत त्यांत पाचशेहून अधिक जणी सहभागी होऊ लागल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आत्म्याचा अनुभव आला. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्याने सोबतची स्त्री पाण्याची बादली आणण्यास धावली, अशी कथा मिनी एब्रम्स यांनी नोंदविली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानकृत शुभवर्तमान शिकवीत असताना वर्गातील मुली एकाच वेळी मोठ्याने रडू व प्रार्थना करू लागल्या. पुढील वर्षी अपरिचित भाषांत बोलण्याचे अनुभवही नोंदले गेले.

एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या घटनांवर लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि १९०९ मधील तेथील पेंटेकोस्टल चळवळीला तिने प्रेरणा दिली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीट येथील एप्रिल १९०६ च्या घटनांपूर्वीच केडगावात हे घडले. त्यामुळे जागतिक पेंटेकोस्टल इतिहासाचा उगम एकाच अमेरिकन शहरात शोधण्याची रीत अलीकडच्या अभ्यासकांनी प्रश्नांकित केली आहे.

येथे विचारात घेण्याजोगी बाब म्हणजे हे अनुभव घेणाऱ्या मुली कोण होत्या? त्यांतील पुष्कळ जणी दुष्काळातून वाचलेल्या होत्या. आईबाप, भावंडे गमावल्याचे दुःख व्यक्त करण्यास त्यांना यापूर्वी कोणते व्यासपीठ मिळाले होते, असे दिसत नाही. पोटाची भूक भागल्यानंतर पाच-सहा वर्षांनी, सुरक्षित जागी, सामुदायिक रुदनाच्या रूपाने ते दुःख बाहेर आले असावे, असा अर्थ लावण्यास जागा आहे. अर्थात त्या मुलींच्या दृष्टीने तो पश्चात्तापाचा व पवित्र आत्म्याच्या भेटीचाच अनुभव होता. या दोन अर्थांपैकी एकाने दुसरा रद्द होत नाही.

न घडलेले चमत्कार :

श्रद्धेची कसोटी घडलेल्या चमत्कारांपेक्षा न घडलेल्या चमत्कारांत अधिक लागते. रमाबाईंना तरुणपणीच बहिरेपणाने ग्रासले होते. वैद्यकीय शिक्षणाची त्यांची इच्छा त्यामुळेच इंग्लंडमध्ये अपुरी राहिली. दैवी आरोग्यदानावर विश्वास असलेल्या वर्तुळात वावरूनही हे व्यंग त्यांना जन्मभर सोसावे लागले. कार्याची वारस मानलेली मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या हयातीतच निवर्तली. त्यानंतर काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे निधन झाले. हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले मराठी बायबल मुक्तीच्याच मुद्रणालयात छापले जाऊन १९२४ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले. मागितलेले सर्व मिळते, अशी ही श्रद्धा नव्हती, हे या घटनाक्रमावरून दिसते. भाषादान हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव चिन्ह होय, असा आग्रहही रमाबाईंनी धरला नाही. चिन्हांपेक्षा प्रेम व सेवा यांना त्यांनी अधिक मोल दिले.

तुलनात्मक विचार :

संकटातील चमत्काराची कल्पना महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी आणलेली नव्हे. पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वपरिचित आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली आणि विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारात त्याची किंमत भरली. या कथेत आधी माणूस आपल्या ऐपतीबाहेरचे दान करतो, मग देव त्याचा भार उचलतो. मुक्तीच्या वृत्तांतांची रचना नेमकी अशीच आहे. धर्मांतर झाले तरी संकटाकडे पाहण्याची मराठी मनाची चौकट सर्वस्वी बदलली नव्हती, असे यावरून म्हणता येते.

खानदेशातील आदिवासी समाजातही असेच दिसते. १९३८ च्या सुमारास तळोदा भागातील मोरवड येथे गुलाम महाराजांच्या आरतीसाठी हजारो भिल्ल जमत. दुखणी बरी होतील या आशेने येणाऱ्या या समुदायाला महाराजांनी मद्यत्याग, स्वच्छता व परस्परांविषयी आदर यांची शिकवण दिली. म्हणजे चमत्काराच्या अपेक्षेने लोक एकत्र आले आणि सामाजिक सुधारणा घेऊन परतले. ख्रिस्ती मिशन व गुलाम महाराजांची चळवळ यांचे दैवत भिन्न होते. परंतु वंचित समाजाला स्वतःविषयी नवी प्रतिष्ठा देण्याचे कार्य दोहोंनीही केले.

याच पट्ट्यात नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे १९४२ मध्ये मिशन रुग्णालय सुरू झाले. आरोग्यासाठी प्रार्थना आणि आरोग्यासाठी औषध या दोन वाटा तेथे एकत्र आल्या. डेव्हिड हार्डिमन यांनी मेवाड व उत्तर गुजरातच्या भिल्लांमधील मिशनरी वैद्यकावर लिहिलेल्या ग्रंथात (२००८) औषधोपचार व ख्रिस्ती श्रद्धा यांच्या गुंतागुंतीच्या नात्याचा मागोवा घेतला आहे. खानदेशच्या संदर्भातही तो मार्गदर्शक ठरतो.

साधनांची चिकित्सा :

उपरोक्त विवेचनास एक मर्यादा आहे. मुक्ती व अलायन्स मिशन यांचे बहुतेक वृत्तांत इंग्रजीत, परदेशी देणगीदारांसाठी लिहिले गेले. ज्यांना चमत्काराची वार्ता हवी होती त्यांच्यासाठी ती निवडली जाणे स्वाभाविक होते. मुलींचे स्वतःचे शब्द बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून येतात. दुष्काळात दिलेल्या आश्रयाबरोबर आलेले धर्मांतर कितपत स्वेच्छेचे होते, हा समकालीन टीकाकारांचा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही. भुकेल्याची निवड कधीच पूर्णपणे मुक्त नसते. मात्र त्याच वेळी, ज्या मुलींना कुटुंब, जात व शासन यांपैकी कोणीही आसरा दिला नाही, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता, हा प्रश्नही तितक्याच प्रामाणिकपणे विचारावा लागतो.

निष्कर्ष :

१) दुष्काळकालीन ख्रिस्ती वृत्तांतांत चमत्कार म्हणजे मुख्यत्वे निसर्गनियमांचा भंग नसून वेळेवर झालेला पुरवठा होय.
२) या श्रद्धेने निष्क्रियता निर्माण केली नाही. विहिरी, शेती, विणकाम, मुद्रणालय व अंध मुलींचे शिक्षण ही तिची दृश्य फलिते आहेत.
३) १९०५ चे संजीवन हे धार्मिक अनुभवाबरोबरच दुष्काळाच्या साचलेल्या दुःखाचे सामुदायिक प्रकटीकरण असण्याची शक्यता आहे.
४) या धारणेची घडण मराठी भक्तिपरंपरेशी नाते सांगणारी आहे.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांची फसवणूक व लुबाडणूक करणे त्याने दंडनीय ठरविले. निरुपद्रवी प्रार्थना व उपासना यांना त्याने धक्का लावलेला नाही. हा भेद करण्यास इतिहासही साहाय्य करतो. चमत्काराच्या नावाने दुर्बलाकडून काही घेतले जाते की त्याला काही दिले जाते, ही कसोटी लावल्यास श्रद्धा व शोषण यांतील सीमारेषा पुष्कळ अंशी स्पष्ट होते. छप्पन्नच्या दुष्काळात केडगावी पोहोचलेल्या मुलींना अन्न, अक्षर व हाताला काम मिळाले. त्यांनी त्यास चमत्कार म्हटले, तर त्या शब्दामागील वास्तव समजून घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.